व्हिसा मालकाच्या हातात नसतो

माझी आई शेवटपर्यंत लोकांना सांगत असे, "आमची सुनंदा पोरांना विमानात बसवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी विमानतळावर कामाला आहे. काही जण तर स्वस्तात तिकीट मिळेल का म्हणून घरी विचारायला यायचे. मी आधी दुरुस्ती करत असे, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर आईचं फारसं चुकत नव्हतं. बेंगळुरूच्या जयनगरात साड्यांच्या एका दुकानाच्या वर माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत आईवडील बसायचे, आतल्या खोलीत मुलं. कुठल्या देशात काय शिकायला जावं ते सांगायचं, अर्ज नीट लिहून घ्यायचे, बँकेचे कागद तपासायचे, व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घ्यायची आणि एक दिवस मुलाला विमानात बसवायचं. बहुतेक सगळं आयुष्य मी हेच केलं. गेल्या वर्षी ऑफिस भाचीच्या हाती दिलं. आता दुपारी झोपते, आणि अजून झोपेत कुणाचा तरी अर्ज तपासत असते.

आमचं घराणं चारशे वर्षांपूर्वी कधीतरी बेंगळुरूत येऊन राहिलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी असं माझं झालं. तेव्हा वाचताना मधेच एखादा 'सरी' लागला तर सांभाळून घ्या. 'बरं' म्हणायला आमच्या तोंडून तोच येतो.

विद्यार्थी व्हिसा ही शिकण्याची परवानगी असते. काम करणं ही त्यातली सवलत. कॉलेज चालू असताना ठरावीक तासच काम करता येतं, सुट्टीत जास्त. ती मर्यादा ओलांडली तर व्हिसा धोक्यात येऊ शकतो. या कामातून भाजी येते, बसचा पास निघतो, भाड्याला हातभार लागतो. फी भागत नाही. हे मी रोज सांगत असे. समोरचे आईवडील मान डोलवत आणि शेवटी विचारत, "सरी मॅडम. पण फी भागेल ना?"

माणसंही तऱ्हेतऱ्हेची. एचएसआर लेआउट भागातल्या एका मुलाने अर्जात लिहिलं होतं की त्याने एक आंतरराष्ट्रीय टीम चालवली आहे. तालमीत मी विचारलं, टीममध्ये कोण कोण होतं? तर तो स्वतः आणि दुबईतला त्याचा मावसभाऊ. एक वडील तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या मुलाला बसून करायचं काम बघा. त्याचे पाय नाजूक आहेत." त्या मुलाने तिकडे पोचल्यावर घरोघर पत्रकं वाटायचं काम धरलं, आणि रोज किती चाललो ते वडिलांना मोबाइलवर कळवत राहिला. पुढच्या वर्षी भेटले तेव्हा वडिलांनीही सकाळी लालबागेत फिरायला सुरुवात केली होती.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण माझं काम मला नव्याने शिकवून गेली ती दीप्ती मोहिते, आणि तिच्याहून जास्त तिचे वडील.

नागेशराव मोहित्यांना सगळे नागेशअण्णा म्हणतात. जयनगरात त्यांचं उभ्याने खायचं हॉटेल आहे. सकाळी तिथे इडली घ्यायला वकील, रिक्षावाले आणि फिरून आलेले पेन्शनर एकाच रांगेत उभे असतात. पुढे त्यांनी महादेवपुऱ्यातल्या एका आयटी पार्कमध्ये कँटीन चालवायला घेतलं आणि त्यांचं चांगलं बस्तान बसलं. आमची ओळख लग्नाकार्यातली. मी वयाने थोडी मोठी, म्हणून मला ते अक्का म्हणतात.

ते दीप्तीला घेऊन आले तेव्हा बाहेरच्या खोलीत बसलेच नाहीत, थेट आत आले.

"अक्का, हिला मेलबर्नला जायचंय. पाण्याचं व्यवस्थापन शिकायला. बेंगळुरूत पाणी नाही, म्हणून पाणी शिकायला समुद्रापार जायचं. सरी, जाऊ दे. पण एक अट आहे. तिथे काम करायचं नाही."

"का?" मी विचारलं.

"काम म्हणजे काय असतं तिथे? ताटं उचलायची, टेबलं पुसायची. त्याला माझ्याकडे माणसं आहेत. माझी मुलगी दुसऱ्याच्या हॉटेलात फडकं मारणार?"

दीप्ती शांतपणे म्हणाली, "अप्पा, माझ्या वयाचे असताना तुम्ही काय करत होता?"

"म्हणूनच सांगतोय," नागेशअण्णा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बारीक अंगाची, चष्मा लावणारी ही मुलगी हट्टी होती. तिला वडिलांचा पैसा नको होता असं नाही. पण तिथल्या बाजारात जाऊन स्वतःच्या कमाईचा एक तरी टोमॅटो घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. हे वाक्य तिचंच. बापलेकीची ही ओढाताण महिनाभर चालली. शेवटी तोडगा नागेशअण्णांनीच काढला. मेलबर्नमध्ये आपल्याकडच्या एका माणसाचं हॉटेल होतं. तो मूळचा कर्नाटकातलाच, कुणा ओळखीच्या ओळखीतला.

"काम करायचंच असेल तर याच्याकडे कर," ते म्हणाले. "आपला माणूस आहे. लक्ष ठेवील."

मलाही ते बरं वाटलं. परक्या गावात मुलीच्या पाठीशी कन्नड बोलणारं एक घर असेल, यात वाईट काय? दीप्ती गेली. पहिल्या महिन्यात तिने हॉटेलच्या दारात उभं राहून काढलेला फोटो पाठवला. अंगात काळा एप्रन, चष्म्यावर वाफ. नागेशअण्णांनी तो मला दाखवला. तक्रारीच्या सुरात दाखवला, पण दाखवला.

त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. मुलं रुळली की मला विसरतात. तसंच व्हायला हवं.

एक दिवस सकाळी मी नुकतंच ऑफिस उघडलं होतं. खाली दुकानवाला शटर वर करत होता, इतक्यात दीप्तीचा फोन आला. तिकडे दुपार झाली होती. विद्यापीठाच्या बागेत बसले आहे, म्हणाली.

"मावशी, तुम्ही एकट्या आहात?"

"एकटीच आहे. बोल."

तिने एका दमात सगळं सांगितलं.

सुरुवातीला तिथला मालक फार चांगला वागला. काम संपलं की गरम रस्सम-भात खायला बसवायचा. तिला 'मगळे' म्हणायचा. कन्नडमध्ये मगळे म्हणजे मुली, लेकी. येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, ही आमची मुलगी. मग एक स्वयंपाकी सोडून गेला. मालक म्हणाला, "स्वल्प ॲडजस्ट माड, मगळे." थोडं जमवून घे, लेकी. तिने जमवून घेतलं. मग रविवार गेले. मग दुपारची लेक्चरं बुडू लागली. व्हिसाने दिलेली मर्यादा कधी मागे पडली ते तिला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं, मावशी. पण मगळे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

आणि मग पासपोर्ट. काही कागद भरायचे आहेत म्हणून त्याने तो मागून घेतला आणि परत दिलाच नाही. तुम्हा पोरांच्या खोल्यांत चोऱ्या होतात, माझ्या कपाटात नीट राहील, असं म्हणाला. मागच्या आठवड्यात तिने परीक्षेसाठी सुट्टी मागितली, पासपोर्टही मागितला. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "तू किती तास काम केलंस हे मी सरकारला कळवलं तर काय होईल, माहीत आहे? तुझा व्हिसा माझ्या हातात आहे."

तिच्यासोबत काम करणारी नेपाळची एक मुलगी होती. तिचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

त्या क्षणी आपला आवाज स्थिर ठेवणं, हेच माझं काम होतं. मी म्हणाले, "हे बघ दीप्ती. व्हिसा त्याच्या हातात नाही. व्हिसा द्यायचा किंवा काढायचा तो सरकारने, हॉटेलवाल्याने नाही. त्याच्या हातात फक्त पासपोर्ट आहे, आणि तो तर तुझासुद्धा नाही, भारत सरकारचा आहे. तो अडकवून ठेवायचा त्याला काही अधिकार नाही."

"पण मी तास ओलांडलेत. ते खोटं नाही."

"मग तेही सांग. तुमच्या विद्यापीठात मुलांसाठी फुकट सल्ला देणारे वकील असतात. आज तिथे जा आणि सगळं सांग. तुझं जे चुकलं तेसुद्धा. ज्यांना असं धमकावून राबवून घेतलं जातं, त्यांनी स्वतःहून पुढे येऊन तक्रार केली, तर त्यांना सांभाळून घ्यायची सोय तिथल्या कायद्यात आहे. त्याला अटी आहेत. होईलच अशी हमी मी देऊ शकत नाही. पण गप्प बसलीस तर तो तुला सोडणार नाही, एवढं मी खात्रीने सांगते."

ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पांना सांगू नका. ते तिकीट पाठवतील. शेवटचं सेमिस्टर आहे, मावशी."

मी शब्द दिला. तो पाळायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी नागेशअण्णा स्वतःच माझ्या दारात उभे होते. तिथल्या मालकाने त्यांना फोन केला होता. तुमची मुलगी हाताबाहेर चालली आहे, तिला समजवा, तक्रारबिक्रार केली तर तिचंच नुकसान होईल, असं तो मोठ्या मायेने बोलला होता.

नागेशअण्णांचा चेहरा लाल झाला होता. "अक्का, लावा तिला फोन. मी लावला तर उचलत नाही."

मी व्हिडिओ कॉल लावला. दीप्ती दिसली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. वडिलांना बघून ती सरळ बसली.

"दीप्ती, ऐक," नागेशअण्णा म्हणाले. "त्यांना सॉरी म्हण. पासपोर्ट घे आणि ये. शिक्षण गेलं खड्ड्यात. तक्रार करायची नाही. पोलीस, वकील हे आपल्या घरात नाही."

"मी काय चुकले म्हणून सॉरी म्हणू?"

"तो आपला माणूस आहे. चार लोकांत आमची ओळख आहे. काय सांगायचं लोकांना?"

"अप्पा, त्याने माझा पासपोर्ट कपाटात ठेवलाय. माझ्यासोबतच्या नेपाळच्या मुलीचाही."

"ठेवला असेल सांभाळायला! हॉटेल चालवणं सोपं नसतं. माणसं आज शिकतात, उद्या पळून जातात. मालकाला काहीतरी हातात ठेवावं लागतं."

ते बोलून गेले आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. दीप्ती त्यांच्याकडे बघत होती.

"महादेवपुऱ्याच्या कँटीनमध्ये गल्ल्याच्या मागे हिरवं कपाट आहे," ती म्हणाली. "मी लहानपणी तिथे बसून अभ्यास करायचे. त्यात तुमच्या माणसांची आधार कार्डं आहेत. शाळा सोडल्याचे दाखले आहेत. तुम्ही पण हातातच ठेवलंय ना, अप्पा?"

"ते वेगळं."

"काय वेगळं आहे?"

नागेशअण्णांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. दीप्तीचे डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "वकिलांची उद्याची वेळ मिळालीय, मी जातेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नागेशअण्णा उठले. मी मागवलेली कॉफी टेबलावर तशीच होती. दारापाशी थांबून ते म्हणाले, "पोरगी फार बोलायला लागली, अक्का." मग जिना उतरून गेले.

माझ्या धंद्यात एक नियम मी पाळला होता: आईबाप आणि मुलं यांच्या मधे उभं राहायचं नाही. तरीही तो दिवस मी अस्वस्थ होते. वाटत होतं, यांनी तिकीट पाठवलं तर? आणि ती आलीच, तर आयुष्यभर या दोघांना एकमेकांशी बोलता येईल का?

दोन दिवसांनी नागेशअण्णांचा फोन आला. "अक्का, स्वल्प माझ्यासोबत येता? महादेवपुऱ्याला."

बेंगळुरूच्या त्या टोकाला पोचायला लागायचा तेवढा वेळ लागलाच. कँटीनमध्ये जेवणाची गर्दी ओसरली होती. कामगार मागच्या बाजूला जेवायला बसले होते, कुणी रायचूरकडचे, कुणी ओडिशाचे. नागेशअण्णांनी हिरवं कपाट उघडलं आणि एक जाड पाकीट काढून सगळ्यांना बोलावलं.

माझी कल्पना होती की लोक खूश होतील. उलटंच झालं. पहिलं कार्ड हातात दिलं ते भांडी घासणाऱ्या यल्लम्माच्या. तिने ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अण्णा, माझं काय चुकलं?" तिने कन्नडमध्ये विचारलं. "कामावरून काढताय?"

बाकीचेही घाबरून बघू लागले. एका ओडिया मुलाने तर हातातलं ताट खाली ठेवलं. त्यांच्या दृष्टीने कागद परत मिळणं म्हणजे नोकरी जाणं. दुसरा अर्थ त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

नागेशअण्णा गोंधळले. इतकी वर्षं माणसांवर ओरडून काम घेणारा हा माणूस, त्याला त्या वेळी धड वाक्य सुचेना. "नाही, नाही. कुणालाच काढत नाही," ते म्हणाले. "हे तुमचं आहे. तुमच्याकडे असू दे. काम उद्यापासून तसंच. ज्याला जायचं त्याने सांगून जा. एवढंच."

मग मुख्य स्वयंपाकी मल्लेश, त्यांच्याकडे सगळ्यात जुना, तो म्हणाला, "अण्णा, आमच्या खोलीला कुलूप नाही. तिथे कुठे ठेवू?"

"मग कुलपाच्या पेट्या आणतो," नागेशअण्णा म्हणाले. "प्रत्येकाला एक. किल्ली तुमच्याकडे."

पेट्या आल्या. हेही सांगायला हवं की त्यानंतर लवकरच दोघं जण काम सोडून गेले, आणि ते न सांगता गेले. नागेशअण्णांना ते लागलं. त्यातला एक काही महिन्यांनी परत आला आणि काहीच न झाल्यासारखा कांदा चिरायला बसला. पण हे सगळं पुढचं.

त्या दुपारी परत येताना एका सिग्नलजवळच्या चहाच्या टपरीपाशी नागेशअण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि मेलबर्नला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. मी मुद्दाम बाहेर बघत होते, पण कान तिथेच होते.

"आज तिचा पासपोर्ट तिच्या हातात द्या," ते कन्नडमध्ये म्हणाले. "त्या नेपाळच्या मुलीचाही द्या."

तिकडचा आवाज गोड होता. "अण्णा, तुम्ही पण हॉटेल चालवता. कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणूनच सांगतोय."

"तक्रार केली तर मुलीचा व्हिसा जाईल बघा."

"जायचा असेल तर जाईल. ती तक्रार करणार आहे आणि मी तिच्या मागे उभा आहे. तुम्हाला मी ओळखीतून शोधलं होतं. ती ओळख इथे संपली."

त्यांनी फोन ठेवला. मग दीप्तीला लावला. या वेळी तिने उचलला.

"आत्ताच त्याच्याशी बोललो," ते म्हणाले. "तू तुझं कर. वकील काय म्हणतात तसं कर. तिकीट पाठवत नाही." आणि मग म्हणाले, "कपाट रिकामं केलं."

दीप्ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा."

त्या दिवशी आम्ही टपरीच्या शेजारच्या एका छोट्या हॉटेलात भात-सांबार खाल्लं. दुसऱ्याच्या हॉटेलातल्या सांबारात चुका काढायची नागेशअण्णांची सवय आहे. त्या दिवशी ताट चाटूनपुसून खाल्लं, एक शब्द न काढता.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. विद्यापीठातल्या वकीलबाईंनी मालकाला पत्र पाठवलं तेव्हा कुठे दोन्ही पासपोर्ट मिळाले. दीप्ती आणि ती नेपाळची मुलगी, दोघींनी मिळून तक्रार केली. दीप्तीने आपण मर्यादा ओलांडल्याचंही लिहून दिलं. मग वाट बघणं सुरू झालं. परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या आयुष्यात सगळ्यात कठीण काय असेल, तर ही वाट बघण्याची जागा. अभ्यास करायचा, पण इथे राहू की नाही माहीत नाही. हसायचं, पण फोन वाजला की दचकायचं. ती मला मेसेज करायची, "मावशी, अजून काही नाही." मी उत्तर द्यायचे, "अभ्यास कर." याहून शहाणं मला काही सुचत नसे.

नागेशअण्णा त्या काळात रोज हॉटेल बंद करायच्या आधी माझ्याकडे डोकावायचे. विचारायचे काही नाही. "कॉफी?" म्हणायचे आणि स्वतःच्या हॉटेलातून थर्मास भरून आणलेली कॉफी ओतायचे. माझ्या ऑफिसातली कॉफी त्यांना कधीच पसंत नव्हती.

शेवटी कळलं. दीप्तीचा व्हिसा राहिला. पुढे अटी पाळायच्या एवढी ताकीद मिळाली. ही बातमी तिने आधी वडिलांना सांगितली, मग मला. क्रम मला आवडला. राहिलेले महिने तिने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम केलं, काचेच्या बाटल्या धुवायचं. ठरलेली वेळ झाली की तिची प्राध्यापिकाच येऊन म्हणायची, आता घरी जा. दीप्तीला पहिले काही दिवस ते खरंच वाटत नव्हतं. ती नेपाळची मुलगी एका बेकरीत लागली आणि आता तिथल्या केकवर तीच नक्षी काढते.

दीप्ती पास झाली. सध्या ती तिथेच एका लहान गावाच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे. इथल्या तलावांसाठी काही करायचं म्हणते. कधी येईल माहीत नाही. नागेशअण्णांनी विचारायचं सोडलं आहे, आणि त्यामुळे ती जास्त वेळा फोन करते.

मला मात्र या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहिली. इतकी वर्षं मी मुलांकडून काय काय घोकून घेतलं. व्हिसा अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, बँकेचं पत्र कसं दाखवायचं, भाड्याचा करार कसा वाचायचा. पण मायेने बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या घरांत तर ते शिकवत नाहीतच. मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे उर्मटपणा. आणि तिकडे पोरं अडकतात ती परक्यांच्या जाळ्यात कमी, 'आपलाच आहे' म्हणणाऱ्यांच्या जास्त.

म्हणून शेवटची दोन वर्षं मी ऑफिसात एक छोटा वर्ग घेतला. जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील, दोघांनी एकत्र यायचं. पहिल्या वर्गाला मी नागेशअण्णांना बोलावलं. ते आधी नको म्हणाले. "मी काय शिकवणार, अक्का? मी हॉटेलवाला."

"तेच हवंय," मी म्हणाले. "मालक कसा बोलतो ते यांना ऐकू दे."

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. खुर्च्यांपुढे उभे राहिले आणि एका मुलाला पुढे बोलावलं. मग त्यांचा आवाज बदलला. इतका मऊ, इतका घरचा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "बाळा, आज एक माणूस आला नाही रे. दोन तास थांबशील ना? तू काय, आमच्या घरचाच." मुलगा हसत हसत 'हो' म्हणाला. दुसरा आला, त्याने कारणं सांगितली, मग तोही 'हो' म्हणाला. तिसरी म्हणाली, आज थांबते, उद्या नाही. मागे बसलेल्या आया हसून हसून डोळे पुसत होत्या. नागेशअण्णा एकेकाला गुंडाळत चालले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी एक मुलगी उठली. महादेवपुऱ्याहून आईसोबत आली होती. आई तिथल्या आयटी कंपनीत अकाउंट्समध्ये. मुलगी इतकी हळू बोलणारी की वर्गात तिचं नाव मला दोनदा विचारावं लागलं होतं. तन्वी.

"बाळा, आज थांबशील ना?" नागेशअण्णा म्हणाले.

"नाही, अंकल."

"तुझ्या घरच्यांना मी ओळखतो. तुझ्या बाबांनीच सांगितलंय, लक्ष ठेवा म्हणून."

"नाही जमणार, अंकल. माझे तास संपलेत."

"एवढंसं काम. आम्ही तुला आपलं मानलं, आणि तू असं करतेस?"

तन्वीचा चेहरा रडवेला झाला. तिने मागे वळून आईकडे पाहिलं. आई जागेवरून थोडी उठली, मग परत बसली. तन्वीने पुन्हा समोर पाहिलं.

"तुम्ही आपलं मानता, म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "मी आता जाणार."

आणि ती खरंच वळून खुर्चीकडे चालू लागली. दोन पावलांवर थांबली, घाबऱ्या आवाजात म्हणाली, "अंकल, चुकलं का माझं? उद्धटासारखं झालं का?"

नागेशअण्णांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, मग डोळे पुसले. त्यांचा आवाज आता त्यांचा स्वतःचा, खरखरीत होता.

"अगदी बरोबर झालं, बेटा," ते म्हणाले. "तू आता खुशाल जा."